अव्यक्त आणि अनिश्चित : गर्भाची लिंगनिश्चिती व जननग्रंथींचा विकास

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, पुंसवनाचा विधी सांगताना आचार्यांनी काळाची एक मर्यादा घातली आहे. गर्भाचे स्त्रीत्व वा पुरुषत्व व्यक्त होण्यापूर्वीच हा विधी योजावा, असा तेथील आशय आहे. म्हणजेच गर्भधारणेनंतर काही काळ गर्भ लिंगदृष्ट्या अव्यक्त असतो, ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती. आधुनिक भ्रूणविज्ञानानेही सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिले. साधारणतः सहाव्या आठवड्यापर्यंत मानवी भ्रूणाची जननग्रंथी केवळ पाहून ती पुढे वृषण होणार की अंडाशय, हे कोणाही तज्ज्ञास सांगता येत नाही. हे साम्य पाहून वैद्यमंडळींस समाधान वाटते व ते अस्थानी नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. जे अव्यक्त आहे ते अनिश्चितही असले पाहिजे, आणि जे अनिश्चित आहे ते औषधाने हवे तसे वळवता आले पाहिजे, असे आपण नकळत धरून चालतो. अव्यक्त आणि अनिश्चित या दोन शब्दांतील अंतर गेल्या सव्वाशे वर्षांच्या जनुकशास्त्राने उलगडून दाखविले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा विषय केवळ ग्रंथचर्चेचा असता तर त्रैमासिकाची इतकी पाने त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. आमच्या खराडीचेच उदाहरण घ्यावे. एके काळचे हे मुळा-मुठेकाठचे शेतकऱ्यांचे गाव आता माहिती-तंत्रज्ञान उद्यानांचे उपनगर झाले आहे. नगर रस्त्याने नगर, बीड, छत्रपती संभाजीनगर या बाजूंनी आलेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. उंच इमारतींतून राहणारी उच्चशिक्षित जोडपीही तितकीच. प्रश्न मात्र दोघांचा एकच असतो. सुनेला घेऊन आलेली सासू सरळ विचारते, “मुलाचं औषध आहे का?” संगणक अभियंता जावई तोच प्रश्न “पुंसवन करून घ्यायचं होतं” अशा सभ्य शब्दांत विचारतो. औषधी दुकानाच्या काउंटरवर तर शब्दही लागत नाहीत. शिवलिंगीच्या बियांची पुडी मागितली की देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही हेतू कळलेला असतो. त्या पुडीने काय होते, काय होत नाही आणि काय होऊ शकते, हे आपणांस नेमके ठाऊक असले पाहिजे.

बीजाचा हिशेब

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी निश्चित केले. त्यापूर्वी तीस वर्षे ती ४८ मानली जात होती. यांपैकी ४४ स्त्रीपुरुषांत समान. उरलेली दोन स्त्रीमध्ये एक्स-एक्स व पुरुषामध्ये एक्स-वाय. स्त्रीबीजात नेहमी एक्सच असतो. शुक्राणूंपैकी निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय. यांपैकी कोणता शुक्राणू बीजाशी संयोग पावतो यावर अपत्याचे लिंग ठरते, आणि ते त्या क्षणीच ठरते. एवढे आपले शालेय विद्यार्थीही सांगतात. तरीही ‘मुलगी झाली’ म्हणून बोल सुनेलाच लागतो, हा आपल्या समाजाचा जुना अन्याय आहे.

१९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने पिठातल्या किड्यावर काम करून नराच्या निम्म्या शुक्राणूंत एक लहान गुणसूत्र असते, हे दाखविले. ई. बी. विल्सन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला. मात्र मनुष्यात वाय गुणसूत्र स्वतः काही करते की नुसते तेथे असते, हे पुढची पन्नास वर्षे कळले नव्हते. फळमाशीत नर-मादी ठरते ते एक्सच्या प्रमाणावरून. तेव्हा मनुष्यातही तसेच असावे, असा सर्वसाधारण समज होता. १९५९ मध्ये तो मोडला. त्या वर्षी एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांना क्लाइनफेल्टर विकाराच्या पुरुषात दोन एक्स आणि एक वाय अशी ४७ गुणसूत्रे आढळली. फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना टर्नर विकाराच्या मुलीत एकच एक्स, म्हणजे एकूण ४५ गुणसूत्रे आढळली. दोन एक्स असूनही पहिला पुरुष, एकच एक्स असूनही दुसरी स्त्री. यावरून वाय असेल तर वृषण आणि नसेल तर अंडाशयाची वाट, हा मानवी नियम सिद्ध झाला.

येथे सम-विषम तिथींचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. ऋतुकालातील सम रात्री पुत्रासाठी व विषम रात्री कन्येसाठी, हे वचन आपल्या संहितांत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या याच आशयाच्या वक्तव्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद उठला. प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेले व २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कारवाई पुढे चालविण्याचा मार्ग मोकळा केला. ग्रंथात आहे, एवढा बचाव कितपत पुरतो, याची कल्पना त्यावरून यावी. आता वस्तुस्थिती. समागमाचा दिवस आणि अपत्याचे लिंग यांचा संबंध पाश्चात्त्य देशांतही लोकप्रिय होता. विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या बीजोत्सर्गाचा दिवस संप्रेरकांच्या मोजणीने निश्चित करून तो तपासला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

एसआरवाय : एक लहानशी कळ

वाय गुणसूत्रावरील नेमका कोणता अंश वृषण घडवितो, याचा शोध पुढे तीस वर्षे चालला. त्यात अनेक उमेदवार आले आणि बाद झाले. या शोधयात्रेत एक भारतीय वळणही आहे. डॉ. लालजी सिंह यांनी मण्यार सापाच्या मादीच्या लिंग-गुणसूत्रावर डीएनएचा एक पुनरावृत्त अंश शोधला. तो अन्य प्राण्यांच्या लिंग-गुणसूत्रांवरही दिसू लागल्याने काही काळ तोच किल्ली ठरेल, अशी आशा होती. ती फळाला आली नाही. परंतु त्याच अंशाचा उपयोग करून हैदराबादच्या संस्थेत त्यांनी पुढे डीएनए ठशांचे भारतीय तंत्र विकसित केले, जे आज आपल्या न्यायालयांत पितृत्व सिद्ध करते.

खरी किल्ली १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांना सापडली. सिंक्लेअर, गुडफेलो, लव्हेल-बॅज व सहकाऱ्यांनी वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, जवळजवळ टोकाशी, एसआरवाय हे जनुक दाखविले. त्यापासून अवघ्या २०४ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. १९९१ मध्ये या चमूने उंदराच्या एक्स-एक्स भ्रूणात केवळ हे जनुक घातले आणि त्यास वृषण निर्माण झाले. एवढ्या मोठ्या घटनेस कारण असलेले हे जनुक पुरुषाचे सर्व अवयव स्वतः घडवीत नाही. ते कळ दाबण्याचे काम करते व थोड्याच दिवसांत शांत होते. मानवी भ्रूणात ही कळ सुमारे ४१व्या दिवशी दाबली जाते आणि ४४व्या दिवसाच्या आसपास तिचा जोर सर्वाधिक असतो.

या कळीमुळे १७व्या गुणसूत्रावरील सॉक्स-९ हे जनुक चेतते. एकदा पुरेसे चेतले की सॉक्स-९ स्वतःलाच चेतवीत राहते. मग एसआरवायची गरज उरत नाही. त्याच्या प्रभावाने ग्रंथीतील आधारपेशी ‘सर्टोली’ पेशी बनतात, त्या बीजपेशींभोवती रांगा करतात आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस वृषणाच्या दोऱ्या ओळखू येऊ लागतात.

मग अंडाशय आपोआप होते काय? पुष्कळ काळ तसे मानले जाई. आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४७ मध्ये सशाच्या गर्भांची जननग्रंथी गर्भाशयातच काढून टाकली. ते सर्व गर्भ बाह्यतः व प्रजननमार्गाच्या रचनेने मादीसारखे वाढले. त्यावरून ‘स्त्रीत्व म्हणजे काहीच न घडणे’ असा एक सोपा, किंचित पुरुषी समज रूढ झाला. मार्गांपुरता तो बरोबर आहे, पण ग्रंथीपुरता नाही. अंडाशयासाठीही डब्ल्यूएनटी-४, आरस्पॉन्डिन-१, फॉक्सएल-२ अशी जनुके सक्रिय असावी लागतात, आणि ती सॉक्स-९ला दाबून ठेवतात. २००६ मध्ये इटलीतील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यात आरस्पॉन्डिन-१ बिघडलेल्या, एक्स-एक्स गुणसूत्रे असलेल्या व्यक्ती एसआरवाय मुळीच नसताना पुरुष म्हणून वाढल्या होत्या. तळहात-तळपायांची कातडी जाड असणे हे त्या विकाराचे दुसरे लक्षण. २००९ मध्ये तर प्रौढ मादी उंदरात फॉक्सएल-२ काढून टाकताच अंडाशयाच्या पेशी वृषणपेशींप्रमाणे वागू लागल्या. म्हणजे अंडाशय केवळ घडवावे लागते असे नाही, तर ते आयुष्यभर राखावे लागते.

येथे शुक्रबाहुल्य व आर्तवबाहुल्य यांच्या सिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन विरोधी प्रभावांपैकी जो वरचढ तो फळतो, ही कल्पना म्हणून विलक्षण आहे. पण ती ओढ मातापित्यांच्या धातूंच्या मात्रेत नसून भ्रूणाच्या पेशीतील जनुकांत आहे, आणि तिचा निकाल बहुधा पित्याच्या एका शुक्राणूने आधीच दिलेला असतो. “हे सारे आमच्याकडे होतेच” असे म्हणून मोकळे होणे ग्रंथांनाही न्याय देत नाही आणि विज्ञानालाही नाही.

सहावा ते बारावा आठवडा

पाळी चुकून पंधरा दिवस झाल्यावर स्त्री वैद्याकडे येते तेव्हा भ्रूण साधारण तीस दिवसांचा असतो. जननग्रंथीचा उंचवटा नुकताच उठू लागलेला असतो. बीजपेशी पीतककोशाच्या भित्तीतून निघून तिकडे प्रवास करीत असतात. ग्रंथी अव्यक्त आहे, एसआरवायची कळ अद्याप दाबली गेलेली नाही. पुंसवनाचा पुरस्कर्ता म्हणेल, अजून वेळ आहे. पण कळ दाबायची तर ती तेथे असावी लागते. एक्स-एक्स भ्रूणाच्या कोणत्याही पेशीत ती नसते, पहिल्या पेशीपासूनच नसते. वटशुंग, लक्ष्मणा, सहदेवी किंवा अन्य कोणतेही द्रव्य, नाकातून घातले वा मुखाने दिले, तरी पेशीच्या केंद्रकात नवे जनुक नेऊन ठेवू शकत नाही. अव्यक्त आणि अनिश्चित यांतील भेद तो हाच. बी रुजण्यापूर्वी रोप दिसत नाही, म्हणून आंब्याच्या कोयीतून चिंच उगवेल असे नाही.

द्रव्ये मात्र याच काळात दुसरे काही करू शकतात, आणि वैद्याने सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. ग्रंथी ठरल्यानंतरची कामे संप्रेरकांकडे असतात. आठव्या आठवड्यापासून सर्टोली पेशी मुलेरियन मार्ग नाहीसा करणारे संप्रेरक स्रवतात, त्यामुळे पुरुषगर्भात गर्भाशय तयार होत नाही. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन निर्माण करतात. बाह्य जननेंद्रियात त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होऊन बाराव्या आठवड्यापर्यंत शिश्न व वृषणकोश यांची घडण होते. स्त्रीगर्भात टेस्टोस्टेरॉन नसते, परंतु त्यास प्रतिसाद देण्याची क्षमता असते. म्हणून या आठवड्यांत बाहेरून पुरुषी संप्रेरकाचा अंश पोहोचला तर गर्भाचा मुलगा होत नाही. अंडाशय व गर्भाशय जागच्या जागी असलेली, पण भगशिश्निका वाढलेली व भगोष्ठ जुळलेली मुलगी जन्माला येते.

हे कल्पनेतले भय नव्हे. १९५०च्या दशकात अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून पुरुषी गुण असलेली कृत्रिम प्रोजेस्टिन द्रव्ये गर्भिणींना दिली गेली आणि अशा मुली जन्मल्या. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे इस्ट्रोजेनसदृश औषध तर दशकानुदशके गर्भिणींना दिले जात होते. १९७१ मध्ये त्या गर्भांतून जन्मलेल्या तरुण मुलींत योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळल्यावर ते थांबले. द्रव्य आईने घेतले आणि फळ वीस वर्षांनी मुलीने भोगले. ही दोन्ही उदाहरणे अॅलोपॅथीची आहेत, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. हरियाणा व पंजाबच्या बाजूस मुलासाठी म्हणून शिवलिंगी, मायफळ इत्यादींच्या पुड्या गर्भिणींना सर्रास दिल्या जातात. हरियाणात त्यांवर झालेल्या अभ्यासांत या द्रव्यांमध्ये वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनसदृश घटक आढळले, आणि त्यांच्या सेवनाचा जन्मजात व्यंगांशी संबंध दिसला.

तरीही या पुड्यांची कीर्ती टिकून कशी राहते? याचे उत्तर औषधशास्त्रात नसून साध्या अंकगणितात आहे. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. साखरेची पुडी शंभर जणींना दिली तरी एकावन्न घरांतून पेढे येणार. ज्यांना मुलगी झाली ते पुन्हा दुकानाची पायरी चढत नाहीत, किंवा पथ्य चुकले असेल असे स्वतःच मानतात. ‘मुलगा न झाल्यास पैसे परत’ म्हणणारा विक्रेता तर निम्म्याहून अधिक रकमा काहीही न करता खिशात घालतो. एवढा खात्रीचा धंदा व्यापारात दुसरा नसेल.

वार्ता, तृणपुत्रिका आणि आजचा रुग्ण

शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात एक स्थळ आहे, ज्याकडे पुंसवनाच्या मानाने आपले फारच कमी लक्ष जाते. बीज, बीजभाग आणि बीजभागाचा अवयव अशी उतरंड मांडून चरक सांगतात की, स्त्रीत्व घडविणारा बीजाचा अंश दूषित झाल्यास बहुतांशी स्त्रीच्या आकृतीची, पण स्त्री नसलेली व्यक्ती जन्मते; तिचे नाव वार्ता. पुरुषबीजातील तशाच दुष्टीने पुरुषाकृती, पण पुरुष नसलेली व्यक्ती जन्मते, ती तृणपुत्रिका. कोणत्या आधुनिक विकारास कोणते नाव, असा मेळ घालण्याचा हट्ट नको. तथापि बाह्य आकृती एक आणि बीजाची घडण दुसरी असू शकते, व याचे मूळ बीजाच्या सूक्ष्म अंशात असते, हे निरीक्षण अचूक आहे. रोजच्या रुग्णालाही पुंसवनापेक्षा ते अधिक उपयोगी आहे.

एसआरवाय बिघडले, किंवा कळ दाबूनही पुढची साखळी तुटली, तर एक्स-वाय भ्रूणाची ग्रंथी वृषण होत नाही. ती तंतूसारखी राहते. मुलगी गर्भाशयासह जन्मते, उंचीने वाढते, पण वयात येत नाही. यास स्वायर विकार म्हणतात, आणि त्यांपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांतच दोष एसआरवायमध्ये असतो. उलट, पित्याच्या शुक्राणुनिर्मितीच्या वेळी एसआरवायचा तुकडा वायवरून एक्सवर गेला तर एक्स-एक्स असलेला मुलगा जन्मतो, व विवाहानंतर शुक्राणू नसल्याचे समजते. वृषण उत्तम, टेस्टोस्टेरॉनही भरपूर, परंतु पेशींना ते ओळखताच येत नाही, असाही एक विकार आहे. त्यात मुलगी देखणी वाढते, स्तन येतात, पण गुह्यकेश विरळ असतात, गर्भाशय नसते व पाळी कधीच येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत मोकळी चर्चा घडविली ती बीड पोलीस दलातील ललित साळवे यांनी. माजलगाव तालुक्यातील या शिपायाची वाढ व भरती ललिता या नावाने, स्त्री म्हणून झाली. वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा व नंतर पुरुष म्हणून नोकरीत राहण्याची अनुमती मागितली; ती नाकारली गेल्यावर मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढली. अखेर शासनाने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. दुरून निदान करणे वैद्यधर्मास धरून नव्हे, म्हणून येथे कोणत्याही विकाराचे नाव त्यास जोडीत नाही. पण ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या, त्याच जिल्ह्यातील एका व्यक्तीने स्त्री आणि पुरुष यांच्या सीमारेषेची इतकी स्पष्ट जाण राज्याला करून द्यावी, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

अशा रुग्ण प्रथम कोणाकडे येतात? बहुधा आपल्याकडेच. सोळा वर्षे झाली तरी पाळी आली नाही की आई मुलीला घेऊन गावच्या वैद्याकडे जाते, आणि रजःप्रवर्तनी वटी सुरू होते. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे. गर्भाशयच नसेल तर वटी काय प्रवर्तन करणार? वाय असलेल्या तंतुरूप ग्रंथीत तर अर्बुदाचा धोका असतो व ती वेळीच काढावी लागते. प्रत्येक वाया गेलेले वर्ष तेथे महाग पडते. बुटकी, मान आखूड व रुंद, स्तनवृद्धी नाही, अशी मुलगी आली तर टर्नरचा विचार करावा. सुमारे अडीच हजार मुलींमागे एक असे त्याचे प्रमाण आहे. लहान मुलीस दोन्ही जांघांत गाठी असतील तर त्या अंत्रवृद्धीच्याच आहेत असे गृहीत धरू नये. विवाहानंतर अपत्य नाही म्हणून वाजीकरण मागणाऱ्या पुरुषाचे वृषण हाताने तपासावेत. ते लहान व टणक लागले आणि शुक्राणू शून्य असतील, तर क्लाइनफेल्टर असू शकतो; सुमारे सहाशे पुरुषांमागे एकास तो असतो, व बहुतेकांस आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. अश्वगंधा, कौंचपाकाने त्या ग्रंथीत बीजपेशी उत्पन्न होणार नाहीत.

या सर्वांत तातडीची अवस्था नवजात बालकाची. अधिवृक्क ग्रंथीत एका विकराची उणीव असलेल्या स्त्रीगर्भात पुरुषी संप्रेरके साचतात. जन्मतः इंद्रिय शिश्नासारखे दिसते आणि घरात ‘मुलगा झाला’ म्हणून साखर वाटली जाते. कोशात वृषण मात्र हाताला लागत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करू लागते, सुकते, मलूल होते. शरीरातील मीठ वेगाने जात असते. बालामृत वा घुटीत वेळ दवडला तर ते दगावते. म्हणून नवजात ‘मुलग्याचे’ दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वेळेवर निदान झाल्यास रोजच्या गोळीवर ही मुलगी पूर्ण आयुष्य जगते व पुढे आईही होऊ शकते.

कायदा आणि काउंटर

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तो कागदावरच राहतो म्हणून मुंबईतील सेहत, पुण्यातील मासूम व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतरच्या दुरुस्तीने, फेब्रुवारी २००३ पासून, कायद्याने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कक्षेत घेतली. सोनोग्राफी यंत्रे असणाऱ्यांपुरताच हा कायदा आहे, असा आपल्यातील पुष्कळांचा ग्रह दिसतो. तो चुकीचा आहे. लिंगनिवडीच्या व्याख्येत विशिष्ट लिंगाचा गर्भ व्हावा किंवा त्याची शक्यता वाढावी, या हेतूने काहीही देणे, लिहून देणे वा पुरविणे यांचा स्पष्ट समावेश आहे. देणारा वैद्य, लिहिणारा वैद्य आणि पुरविणारा दुकानदार, तिघेही त्यात येतात. औषध निष्फळ होते, हा बचाव नव्हे. हेतू पुरेसा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. वैद्याची नोंदणी आरोप निश्चित होताच स्थगित होऊ शकते व पहिल्या दोषसिद्धीनंतर पाच वर्षांसाठी जाते. जाहिरातीस स्वतंत्र कलमाने तीच शिक्षा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीतही, ज्या बाबतींत औषधाने दावा करू नये त्यांच्या यादीत, गर्भाचे लिंग बदलणे ही बाब नावानिशी आहे.

दुकानदारांनी लेबलाकडे व पत्रकाकडे विशेष लक्ष द्यावे. २०१५ मध्ये पुत्रजीवक बीजाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनावरून राज्यसभेत गदारोळ झाला. ते वनस्पतीचे जुने नाव आहे, लिंगाशी त्याचा संबंध नाही, असा खुलासा करावा लागला. वनस्पतीचे नाव आपण बदलू शकत नाही. पण त्या बरणीशेजारी ‘पुत्रप्राप्तीसाठी’ अशी पाटी लावणे किंवा वंध्यत्वावरील घृताच्या फलश्रुतीतील पुत्रविषयक शब्द जसेच्या तसे पत्रकावर छापणे आपल्या हाती आहे, आणि तेवढ्यावर गुन्हा उभा राहू शकतो. बीएएमएसच्या पाठ्यग्रंथांतील पुंसवनावरूनही २०१७ मध्ये महाराष्ट्रात वाद झालाच होता. आमचे मत असे की, पुंसवन ग्रंथेतिहास म्हणून अवश्य शिकवावे, कारण गर्भाची अव्यक्त अवस्था ओळखणारी दृष्टी त्यात आहे. परंतु चिकित्सा म्हणून त्यास चिकित्सालयात स्थान नाही. गर्भिणीस द्यावयाचे असेल तर गर्भिणी-परिचर्येतील मासानुमासिक आहार पुष्कळ आहे, आणि तो मुलामुलींस सारखाच लागू पडतो.

शेवटी एक व्यवहाराची माहिती. वर सांगितलेल्या रुग्णांत गुणसूत्रांची तपासणी करावयाची झाल्यास हेपॅरिनयुक्त नळीत थोडे रक्त पुरते. पेशी वाढवून मोजाव्या लागतात, म्हणून अहवालास साधारण दोन आठवडे लागतात. मुंबईत परळ येथे राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आणि केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रुधिरप्रतिरक्षा संस्था, या दोन्ही ठिकाणी अशा विकारांवर काम चालते. जन्मलेल्या व्यक्तीच्या रक्तावरची ही तपासणी गर्भलिंगनिदानात मोडत नाही, त्यामुळे ती सुचविताना संकोचू नये. चिठ्ठीवर मात्र ‘लिंगतपासणी’ असे न लिहिता लक्षण लिहावे, जसे ‘सोळा वर्षे, रजोदर्शन नाही’. अहवाल प्रथम आईवडिलांच्या व रुग्णाच्या हाती, बंद पाकिटात द्यावा. प्रतीक्षागृहात तो मोठ्याने वाचला जाऊ नये.